खडी क्रशर प्रकल्पाची जागा : निवड व पूर्वतयारी
(दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

रस्ता, पूल, धरण, लोहमार्ग अथवा इमारत यांपैकी कोणतेही बांधकाम खडीवाचून उभे राहत नाही. काँक्रीटच्या एकूण आकारमानापैकी सुमारे ६० ते ७५ टक्के भाग खडी व वाळू यांनीच व्यापलेला असतो. ठरावीक आकाराच्या फोडलेल्या दगडांचे थर दाबून रस्ते तयार करण्याची पद्धत जॉन लाउडन मॅकॲडम याने ब्रिटनमध्ये रूढ केली आणि अमेरिकेतील एली व्हिटनी ब्लेक याने १८५८ मध्ये जबड्यासारख्या हालचालीने दगड फोडणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळविले. आज आपल्याकडील प्रत्येक क्रशरवर दिसणारा ‘जॉ’ हा त्याच यंत्राचा वंशज होय. महाराष्ट्रात मात्र यानंतरही दीर्घकाळ घण, पहार व छिन्नी यांच्या साहाय्याने खडी हातानेच फोडली जात होती आणि हे कष्टाचे काम मुख्यत्वे वडार समाजाने केले. गेल्या काही दशकांत हे चित्र पालटले. नदीपात्रातील वाळूउपशावर निर्बंध आल्यामुळे तर खडीबरोबरच दगडापासून वाळू, म्हणजे बांधकाम व्यवसायातील ‘क्रश सँड’, तयार करणारे प्रकल्प तालुक्या-तालुक्यांत उभे राहिले.

या प्रकल्पांविषयीची बहुतेक माहिती यंत्रांची आहे. कोणता क्रशर घ्यावा, त्याची क्षमता किती, सुटे भाग कोठे मिळतात, याची चर्चा विपुल होते. ज्या जमिनीवर ते यंत्र पंधरा-वीस वर्षे चालावयाचे असते, त्या जमिनीचा विचार मात्र सर्वांत शेवटी होतो. आधी यंत्राची मागणी नोंदविली जाते, मग कर्ज, मग उपलब्ध जमिनीच्या तुकड्यात ते यंत्र बसविले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम उलटा आहे. प्रकल्पाचा वाहतूकखर्च, पाण्याची गरज, शेजारच्या शेतावर बसणारी धूळ आणि कामगाराच्या छातीत जाणारी धूळ या चारही गोष्टींचा मोठा भाग यंत्र सुरू होण्यापूर्वीच, जागेची निवड व तयारी यांत ठरून गेलेला असतो. नंतर फवारे बसवून अथवा दंड भरून तो फारसा बदलता येत नाही.

प्रस्तुत लेखात ताशी १०० टन क्षमतेचा एक मध्यम प्रकल्प उदाहरणादाखल गृहीत धरला आहे. त्यात मोठा दगड फोडणारा जॉ क्रशर, त्यानंतर कोन क्रशर, क्रश सँडसाठी व्हीएसआय, खडी आकारानुसार वेगळी करणारी चाळणी आणि या सर्वांना जोडणारे पट्टे आहेत. दिलेली गणिते ढोबळ असून त्यांचा उद्देश विचाराची दिशा स्पष्ट करणे हा आहे.

खडकाची परीक्षा :

महाराष्ट्राचा फार मोठा भूभाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. हे थर एकावर एक पसरलेले असल्याने डोंगराला पायऱ्यांसारखे रूप येते. वरवर पाहता सारा दगड काळाच. परंतु एकाच थराच्या खालच्या व वरच्या भागांत मोठा फरक असतो. थराचा मधला भाग घट्ट व जड असतो. वरच्या भागात लाव्हारसातून वायू बाहेर पडताना राहिलेल्या पोकळ्या असतात व त्या पुढे झिओलाइट, गारगोटी यांसारख्या खनिजांनी भरलेल्या आढळतात. असा दगड लवकर फुटतो, पाणी शोषतो आणि रस्त्याच्या वरच्या थरासाठी कमी प्रतीचा ठरतो. दोन थरांच्या मध्ये कधी कधी गेरूसारखा तांबडा, मऊ पट्टा असतो. खडी म्हणून तो निरुपयोगी आहेच, शिवाय त्यावरून पाणी झिरपत असल्याने वरचा भाग घसरण्याचा धोकाही त्यातूनच उद्भवतो.

म्हणून डोंगराच्या उघड्या कड्यावर दिसणारा दगड पाहून जमीन घेणे धोक्याचे आहे. घट्ट थर किती मीटर जाडीचा आहे, त्यावर मुरूम व मातीचे आवरण किती आहे आणि तो आडवा किती अंतरापर्यंत पसरला आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे विंधनछिद्रे घेतल्याशिवाय मिळत नाहीत. जवळपासच्या विहिरी हा यातील बिनखर्चाचा पुरावा होय. विहिरीच्या बांधीव भागाखाली उघड्या राहिलेल्या भिंतीत थरांचा क्रम स्पष्ट वाचता येतो आणि किती फुटांवर सुरुंग लावावे लागले हे शेतकऱ्याला बिनचूक आठवत असते. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रभेटीत हे सहज शिकविता येते; उद्योजक मात्र क्वचितच विहिरीत डोकावतात.

नमुन्याच्या दगडाची प्रयोगशाळेत आघात, झीज व जलशोषण यांसाठी चाचणी करून घ्यावी. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार रस्त्याच्या अथवा धावपट्टीच्या वरच्या थरासारख्या झिजणाऱ्या पृष्ठभागांसाठी वापरावयाच्या खडीचे झीज-मूल्य ३० टक्क्यांहून अधिक असू नये. क्रश सँडलाही याच मानकाने मान्यता दिलेली आहे. हा दगड कोणते मूल्य देतो यावर प्रकल्प कोणत्या ग्राहकासाठी चालेल हे ठरते आणि त्यावरून यंत्रसामग्री ठरावयास हवी.

उतार आणि आखणी :

क्रशरचा दगड गुरुत्वाकर्षणाने खाली येतो व पट्ट्याने वर चढतो. चढविण्यास वीज लागते, खाली येण्यास लागत नाही. हे तत्त्व लक्षात घेतले तर जमिनीचा उतार हा दोष नसून प्रकल्पाची मोठी संपत्ती आहे, हे ध्यानात येईल.

डंपर ज्या हॉपरमध्ये दगड ओततो त्याची कड जॉ क्रशरच्या तळापासून साधारण ५ मीटर उंच असते असे मानू. सपाट जमिनीवर तेवढ्या उंचीवर भरलेला डंपर न्यावयाचा तर भरावाचा चढ करावा लागतो. असा लहान चढ दहास एक या प्रमाणाहून तीव्र नसावा. म्हणजे ५ मीटर उंचीसाठी ५० मीटर लांबीचा चढ आला. त्याची रुंदी ८ मीटर धरली तर कडेचे उतार सोडूनच १,००० घनमीटर, म्हणजे सुमारे ३५० ब्रास भराव लागतो. हा मुरूमही गौण खनिजच असल्याने त्याचे स्वामित्वधन भरावे लागते. शिवाय वरती डंपर वळविण्यास आणखी पंधरा-वीस मीटर सपाटी हवी. याउलट जमिनीलाच ५ मीटरची नैसर्गिक पायरी असेल, तर तिच्या कडेला एक भक्कम धारकभिंत बांधून हॉपर बसविता येतो. डंपर वरच्या पातळीवर, यंत्र खालच्या पातळीवर. सपाटीकरणाच्या हौसेने जेसीबी लावून अशी पायरी कापून टाकलेली व नंतर त्याच मुरमाचा चढ रचलेला पाहावयास मिळतो, तेव्हा खर्च दोनदा झालेला असतो.

पट्ट्यांचेही असेच. साध्या रबरी पट्ट्यावर फोडलेली खडी १८ अंशांहून अधिक चढावर मागे घसरू लागते. ६ मीटर उंचीवर खडी न्यावयाची तर पट्ट्याला जमिनीवर किमान साडेअठरा मीटर लांबी हवी. ८ मीटरसाठी जवळपास २५ मीटर. जागा अपुरी पडली की पट्टा तीव्र चढाचा केला जातो, खडी सांडते, ती पुन्हा फावड्याने भरावी लागते आणि फिरत्या पट्ट्याजवळ फावडे चालविणे हे अपघाताचे एक नित्याचे कारण आहे. म्हणजे आखणीतील चार मीटरांची काटकसर अखेरीस एखाद्या मजुराच्या हाताशी येऊन भिडते.

आता ढिगांचा हिशेब पाहू. पट्ट्यावरून पडणाऱ्या खडीचा ढीग साधारण ३७ अंशांचा उतार घेतो. ढीग ६ मीटर उंच झाला तर त्याचा व्यास सुमारे १६ मीटर व आकारमान सुमारे ४०० घनमीटर होते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट अथवा २.८३ घनमीटर; तेव्हा या ढिगात १४० ब्रास, वजनात अंदाजे ६४० टन माल बसतो. प्रकल्प दिवसाला आठ तास चालून ८०० टन माल देतो व त्यातील चाळीस टक्के माल २० मिलिमीटरचा आहे असे धरल्यास हा एक ढीग फक्त दोन दिवसांचा साठा होय. २० मिलिमीटर, १० मिलिमीटर, कच आणि क्रश सँड असे चार ढीग, त्यांतील मोकळी अंतरे, लोडरला मागे-पुढे होण्यास जागा, भरण्यासाठी उभ्या ट्रकांची रांग, वजनकाटा व चढ हे सारे जुळविले की दोन ते अडीच एकर जमीन सहज व्यापते. एका एकरात क्रशर बसतो, परंतु त्याचा माल बसत नाही. मग ढीग हद्दीबाहेर, बांधावर, कधी ओढ्याच्या काठावर जातात आणि तंट्यांना सुरुवात होते.

वारा आणि धूळ :

या संपूर्ण विषयातील कळीचा मुद्दा हाच होय. केंद्र शासनाने पर्यावरण (संरक्षण) नियमांन्वये दगड फोडणाऱ्या प्रकल्पांसाठी धुळीचे मानक घालून दिले आहे. त्यानुसार यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर मोजलेली तरंगती धूळ एका घनमीटरमागे ६०० मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये. त्याचबरोबर धूळ कोंडणारी व दाबणारी व्यवस्था, वारा अडविणाऱ्या भिंती, आवारातील पक्के रस्ते, जमिनीची नियमित सफाई व ओलावणी आणि हद्दीलगत हरितपट्टा ही पाच कामेही आवश्यक मानली आहेत. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने या प्रकल्पांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. मानक आवश्यकच आहे. परंतु ते यंत्राजवळची स्थिती सांगते. दोनशे मीटरवरील डाळिंबाच्या बागेत काय पडते ते सांगत नाही.

धुळीचा प्रवास समजण्यासाठी एक साधे गणित उपयोगी पडेल. बेसाल्टचा १०० मायक्रॉन आकाराचा कण शांत हवेत सेकंदाला सुमारे अर्धा मीटर या वेगाने खाली येतो. ६ मीटर उंच पट्ट्याच्या टोकावरून तो सुटला तर १२ सेकंदांत जमिनीवर पोहोचेल आणि वारा सेकंदाला ३ मीटर वेगाने वाहत असल्यास तेवढ्या वेळात ३६ मीटर दूर जाईल. १० मायक्रॉनचा कण मात्र सेकंदाला ९ मिलिमीटर इतक्याच वेगाने उतरतो. त्याला जमिनीवर येण्यास अकरा मिनिटे लागतात आणि तोवर त्याच वाऱ्याने तो जवळजवळ २ किलोमीटर अंतर कापतो. प्रत्यक्षात वाऱ्यातील भोवरे व झाडे यांमुळे आकडे बदलतील, पण प्रमाण बदलत नाही. डोळ्यांना दिसणारी, पानांवर थर करणारी जाड धूळ अंतर ठेवल्याने आटोक्यात येते. श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाणारी बारीक धूळ केवळ अंतराने आटोक्यात येत नाही, ती उगमापाशीच कोंडावी लागते. परवान्याच्या चर्चेत सारा भर अंतरावर असतो, म्हणून हे विस्ताराने सांगितले.

अंतराच्या जोडीला दिशा पाहावयास हवी. येथे एक सार्वत्रिक गैरसमज आढळतो. आपल्याकडे ‘वारा पश्चिमेचा’ असे सरसकट मानतात, कारण मोसमी पावसाचा वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. परंतु पावसाळ्यात धूळ उडतच नाही. तिचा हंगाम नोव्हेंबर ते मे हा आहे. पुणे परिसराचा विचार केला तर हिवाळ्यात वारा प्रामुख्याने पूर्व-ईशान्येकडून येतो आणि मार्चनंतर दुपारचा वारा पश्चिम-वायव्येकडून जोर धरतो. म्हणजे वस्ती क्रशरच्या पश्चिमेस आहे म्हणून ती सुरक्षित, हे अनुमान हिवाळ्यापुरते तरी चुकीचे ठरते. त्यातच हिवाळ्यातील पहाटे थंड हवा दरीत साचून राहते व तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. अशा वेळी खोलगट जागेतील क्रशरची धूळ वर न जाता गावाच्या पातळीवरच धुक्यासारखी पसरते. भारतीय हवामान विभागाच्या जवळच्या केंद्राची वाऱ्याची आकडेवारी महिन्यांनुसार पाहावी. ती न मिळाल्यास जागेवर एका उंच बांबूला कापडाची पट्टी बांधून नोव्हेंबर, फेब्रुवारी व एप्रिल या महिन्यांत सकाळ-दुपार नोंदी ठेवाव्यात. खर्च काहीच नाही, लागतो तो फक्त एका कोरड्या हंगामाचा धीर. नकाशावर उत्तर दिशेचा बाण प्रत्येक जण काढतो. वाऱ्याचे बाणही त्याच नकाशावर काढण्याची सक्ती असती तर निम्मे तंटे उद्भवले नसते, असे वाटते.

धूळ सर्वांत जास्त कोठे निघते? सर्वसाधारण समज असा की जॉ क्रशरवर. वस्तुतः चाळणी, व्हीएसआय आणि एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर माल पडण्याची ठिकाणे ही अधिक धुळीची असतात. दगड जितका बारीक फुटतो तितके नवे, कोरडे पृष्ठभाग तयार होतात. हॉपरमध्ये मारलेले पाणी त्या आतल्या पृष्ठभागांवर नव्हतेच. म्हणून प्रत्येक टप्प्यावर थोडे थोडे पाणी आणि चाळणीभोवती पत्र्याचे बंदिस्त आवरण लागते. हे आवरण नंतर जोडले की कंपनाने पत्रे सैल होतात, दुरुस्तीसाठी ते काढले जातात आणि काढलेला पत्रा परत बसत नाही. चाळणीच्या पायासोबतच आवरणाच्या खांबांचाही स्वतंत्र पाया घातला, तर यंत्राचे कंपन पत्र्यापर्यंत जात नाही. हे काम जागेच्या तयारीतच करावयाचे आहे.

हरितपट्ट्याबाबतही कालक्रमच महत्त्वाचा. रोप लावले त्या दिवशी ते धूळ अडवीत नाही. किमान दोन पावसाळे आधी लागवड व्हावयास हवी, म्हणजे जमीन ताब्यात येताच पहिले काम खड्डे खणण्याचे. साग लावण्याची आपल्याकडे आवड आहे, परंतु धुळीच्या ऐन हंगामात साग निष्पर्ण असतो. करंज, सप्तपर्णी, बांबू असे कोरड्या दिवसांतही पाने टिकवणारे वृक्ष, मागे उंच व पुढे झुडपे अशा ओळींत लावणे योग्य होय.

येथे खडकाच्या प्रकाराचा व रोगाचा संबंध सांगणे आवश्यक आहे. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा मुख्यतः मुक्त सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ या खनिजाच्या बारीक कणांमुळे होतो. तो बरा होत नाही. काम सोडल्यानंतरही वाढत राहू शकतो. या बाबतीत दिल्लीचा अनुभव बोलका आहे. अरवलीच्या टेकड्यांतील क्वार्टझाइट फोडणारे क्रशर दिल्लीच्या दक्षिणेकडील लाल कुआँ परिसरात दीर्घकाळ चालत होते. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व फरीदाबाद परिसरातील क्रशर बंद करून ते हरियाणातील पाली येथील स्वतंत्र पट्ट्यात हलविण्याचा आदेश दिला. क्रशर हलले, धूळ थांबली. परंतु लाल कुआँत राहिलेल्या जुन्या कामगारांचा आजार त्यांच्यापाशीच राहिला. बेसाल्टमध्ये मुक्त सिलिकेचे प्रमाण अल्प असते, हे खरे. मात्र त्यावरून आपल्याकडील धूळ निरुपद्रवी आहे असा निष्कर्ष काढणे अयोग्य ठरेल. पोकळ्यांतील गारगोटी ही सिलिकाच आहे, शिवाय कोणत्याही खनिजाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्यास फुप्फुसाला अपाय करतेच. आणि महाराष्ट्राचा सर्वच दगड बेसाल्ट नाही. नांदेडचा काही भाग, पूर्व विदर्भ व सिंधुदुर्ग येथे ग्रॅनाइट, नाइस व क्वार्टझाइट फोडले जातात. तेथे बेसाल्टच्या भागातील आराखडा जसाच्या तसा उचलणे हे सरळ सरळ धोकादायक आहे.

पाणी :

मालाच्या वजनाच्या एक टक्का पाणी धूळ बसविण्यासाठी लागते असे धरले, तर ८०० टनांसाठी दररोज ८,००० लिटर पाणी झाले. रस्ते ओले करण्याचे पाणी वेगळे. क्रश सँड धुवावयाची असल्यास गरज कितीतरी वाढते. अडचण अशी की, धूळ सर्वाधिक असते त्याच एप्रिल-मे महिन्यांत पठारावरील विहिरी तळ गाठतात. फवारे असूनही ते बंद का, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एवढेच असते. गावाच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत वापरणे न्याय्य नाही आणि टँकरचे पाणी परवडत नाही. त्यामुळे पावसाळ्यात आवारातील पाणी साठविणारे तळे हा आराखड्याचाच भाग असावा. १ डिसेंबर ते ३१ मे या १८२ दिवसांत रोज ८,००० लिटर म्हणजे सुमारे १,४५० घनमीटर होतात. बाष्पीभवन धरून त्याच्या दीडपट क्षमतेचे, अस्तर केलेले तळे लागेल. जुन्या, वापर संपलेल्या खाणीचा खड्डा जवळ असेल तर हे काम निम्मे झालेलेच असते. असा खड्डा दगडाने अथवा कचऱ्याने भरून टाकण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

पाया आणि पावसाळा :

दख्खनच्या खोलगट भागात काळी माती कित्येक मीटर खोल असते. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कंप पावणाऱ्या यंत्राचा पाया अशा मातीवर कदापि असू नये. माती पूर्ण काढून कठीण मुरूम अथवा खडकापर्यंत जावे. यंत्रांच्या पायासाठी भारतीय मानक २९७४ उपलब्ध आहे. उंचवट्यावर मातीचा थर पातळ असल्याने हा खर्च आपोआप कमी होतो, उताराची जागा निवडण्याचे हेही एक कारण. पायाचे काम उन्हाळ्यात ओढले की काँक्रीटला पाणी मारणे कमी पडते, आणि अठ्ठावीस दिवस पूर्ण होण्यापूर्वी यंत्र चढविण्याची घाई होते. पाऊस संपल्यावर खोदाई, हिवाळ्यात काँक्रीट व फेब्रुवारी-मार्चमध्ये यंत्र हा क्रम ठेवल्यास दोन्ही टळते.

जागा मात्र पहिल्यांदा भर पावसात पाहावी. कोरड्या दिवसांत न दिसणारे ओहोळ तेव्हा दिसतात. क्रशरच्या आवारातील भुकटी पावसाबरोबर वाहून ओढ्यात व पुढे शेतात गेली की तिचा सिमेंटसारखा पापुद्रा बसतो व बी उगवत नाही. यासाठी वरच्या अंगाने येणारे स्वच्छ पाणी चराने बाहेरून वळवावे आणि आवारात पडलेले पाणी गाळ बसविणाऱ्या दोन टाक्यांतून सोडावे. सपाटीकरणात निघालेली वरची सुपीक माती स्वतंत्र, दोन मीटरहून कमी उंचीच्या ढिगात राखून ठेवावी. हरितपट्ट्याच्या खड्ड्यांत तीच लागते. बहुतेक ठिकाणी ही माती पहिल्याच आठवड्यात मुरमाखाली गाडली जाते.

परवानग्या :

हा भाग सर्वपरिचित असल्याने थोडक्यात पाहू. खाण व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ च्या कलम १५ अन्वये गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे व त्यानुसार महाराष्ट्रात २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या निर्णयानंतर पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक झाली. क्रशरसाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची आधी स्थापनेची व नंतर चालविण्याची अशा दोन संमती लागतात. खाण व क्रशर हे कायद्याच्या दृष्टीने दोन भिन्न विषय असून एकाची परवानगी दुसऱ्यास चालत नाही. अंतराचे निकषही वेगळे आहेत. केंद्रीय मंडळाने २०२० मध्ये वस्तीपासून सुरुंगाविना १०० मीटर व सुरुंग असल्यास २०० मीटर असे जे किमान अंतर सुचविले, ते दगडखाणींसाठी होते.

संमतीच्या या दोन टप्प्यांचा खरा उपयोग फारसा केला जात नाही. स्थापनेची संमती ही कागदी पायरी समजली जाते. परंतु आखणी बदलता येईल असा तो शेवटचा टप्पा होय. गावकऱ्यांना आराखडा दाखवावयाचा, वाऱ्याच्या नोंदी समोर ठेवावयाच्या आणि ट्रक कोणत्या रस्त्याने जातील हे ठरवावयाचे ते याच वेळी. ग्रामसभेत हरकती येतील ही भीती असते. तथापि शेतात बारा महिने वावरणाऱ्या माणसाला वारा व पाणी यांची जी माहिती असते ती कोणत्याही सल्लागाराच्या अहवालात मिळत नाही.

कामगारांची वस्ती :

क्रशरवरील मजूर बहुधा दूरच्या जिल्ह्यांतून अथवा परराज्यांतून येतात व कुटुंबासह आवारातच राहतात. आराखड्यात कार्यालय, वजनकाटा, डिझेलची टाकी, रोहित्र या सर्वांना जागा नेमलेली असते. मजुरांच्या खोल्या बहुतेक वेळा आराखड्यात नसतातच. यंत्र उभे राहिल्यावर उरलेल्या कोपऱ्यात पत्र्याच्या खोल्या उठतात. उरलेला कोपरा म्हणजे जो दुसऱ्या कशासाठी सोयीचा नाही तो, आणि रोहित्र व कार्यालय धुळीपासून वाचविण्यासाठी वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेलेले असल्याने हा कोपरा वाऱ्याच्या खालच्या अंगाला येतो. परिणामी आठ तास यंत्राजवळ काम करणारा मनुष्य उरलेले सोळा तासही त्याच हवेत काढतो आणि त्याची बायको-मुले चोवीस तास.

व्यवसायजन्य धुळीची मर्यादा ठरविताना आठ तासांची पाळी व उरलेल्या वेळेतील स्वच्छ हवा गृहीत धरलेली असते. वस्ती आवारात असली की हे गृहीतच कोसळते. म्हणून खोल्यांची जागा यंत्राच्या आधी ठरवावी: हिवाळी व उन्हाळी अशा दोन्ही वाऱ्यांच्या आडव्या बाजूस, डंपरच्या वाटेपासून दूर, शक्य असल्यास उंचवट्याच्या पलीकडे आणि सुरुंगाच्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर. पाणी, शौचालय व लहान मुलांसाठी बंदिस्त जागा तेथेच असावी, अन्यथा मुले ढिगांवर खेळतात. पुणे जिल्ह्यातील वाघोली परिसरात ‘संतुलन’ या संस्थेने दगडखाण मजुरांच्या मुलांसाठी ‘पाषाण शाळा’ चालविल्या, त्या मुळात अशी मुले खाणीतच वाढत होती म्हणून. आपल्या उदाहरणातील अडीच एकरांच्या प्रकल्पात दहा कुटुंबांच्या खोल्या, शौचालय व अंगण यांना मिळून सहा ते सात गुंठे पुरतात. आराखड्यावर ते सर्वांत आधी आखून घेतले, तर ढिगांची मांडणी त्यांच्याभोवती बसविता येते. नंतर आखले तर तेवढे गुंठे कधीच सापडत नाहीत.